सुली ‘येते’ म्हणाली

७ जानेवारी, मंगळवार

आज आबा डायलिसिसच्या मशीनवर जायलाच तयार नव्हते. रिक्षा दारात उभी, खालच्या मजल्यावरची लक्ष्मीअक्का हाका मारतेय, आणि हे पलंगाचा कठडा धरून बसलेले. “बस झालं बे. दोन्ही किडन्या गेल्या त्या गेल्या. हे यंत्र काय नव्या बसवणार हाय?”

मी त्यांच्या पायात चपला सरकवल्या. 

मग स्वतःच म्हणाले, “तेवढं चिनी संपू दे. ते संपलं की मी न्हाय यायचा. आदीच सांगून ठेवतो, मग बोंबलू नको.”

रिक्षात पुन्हा विचारून घेतलं. चिनी संपेपर्यंत नक्की? “व्हय की. शब्द हाय.”

म्हणजे आता सगळं ‘पांढऱ्या घाटाची तलवार’ या चिनी मालिकेवर येऊन पडलं. एकूण भाग चाळीस. आमचे अठरा झालेत. घरी बघायचं नाही, फक्त मशीनवर असताना फोनवर बघायचं, हा नियम मीच घातला होता, त्यांचे ते चार तास सरावेत म्हणून. तो असा पथ्यावर पडेल असं वाटलं नव्हतं.


१० जाने., शुक्र.

भा. १९.

पां.घा.चं बरंवाईट एकदा लिहून ठेवावं म्हणतो. इतकं बघतोय तर.

बरं: कपडे. मी दिवसभर शाळेचे युनिफॉर्म कापतो, थरावर थर टाकून, खाकी आणि निळा, निळा आणि खाकी. त्या माणसाला हे कपडे बघवत नाहीत आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. नायिकेच्या झग्याची बाही उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, कापलेली आहे. म्हणून ती हात उचलते तेव्हा कापड घाई न करता, आपल्या मनाने खाली येतं. कुणीतरी जीव लावून कापलंय ते. त्या टेलरमास्तरला भेटायला आवडलं असतं.

वाईट: उडणं. पंथातले सगळे छपरांवरून उडतात, पण कमरेशी कापड गोळा होतं, म्हणजे तिथे दोर आहे. आबा म्हणाले, “हे उडालेत कुटं? ह्यांना कुनीतरी उचलालंय.”

नावं आबांनी पहिल्याच दिवशी बदलली. सू लान ती सुली. तिचा जोडीदार वेन खू तो व्यंकू. काळ्या पंथाचा म्होरक्या मो थ्येन, तो मोतीराम. आता मशीनवरची शबाना सिस्टरसुद्धा सलाईनची बाटली बदलताना विचारते, “मोतीराम मरा क्या चचा?”


१४ जाने., मंगळ. संक्रांत

अक्काने तिळगूळ आणला. आबांना चालत नाही. एक तीळ जिभेवर ठेवून दिला, तो बराच वेळ तोंडात घोळवत होते.

भा. २०, २१. मारामारीवर आबांचा अधिकार. मंद्रूपला मेंढरांमागे होते तरुणपणी, सोलापूरला कापडाच्या मागावर नंतर आले. व्यंकूच्या तलवारीला ते किंमत देत नाहीत. “भाकरी उलटायलाय जनू.” पण आज म्हातारा गुरू काठी घेऊन उतरला आणि हे उशीवरून उठायलाच लागले. सिस्टर ओरडली, “चचा, हात नक्को हिलाओ!”

“मनगट बघ, मनगट! ह्या म्हाताऱ्यानं कवातरी खरी काठी धरलीय. हे शिकवून येत न्हाय.”

पुन्हा लावून दाखवलं. पुन्हा बघितलं. बरंच्या यादीत टाकलं: म्हाताऱ्याचं मनगट.

वाईट आणखी एक, आणि हे मोठं. या मालिकेत कुणी मरतच नाही. ओठातून रक्त येतं, डोळे मिटतात, पाठीमागे बासरी वाजते, आणि चार भागांनी तोच माणूस टुणटुणीत होऊन दारात उभा. गुरू मेला, आला. व्यंकूचा भाऊ मेला, आला. मोतीराम तर दोनदा. मरण इतकं स्वस्त केल्यावर कुणाच्या मरणाचं काही वाटणार कसं?

हे मी तावातावाने आबांना सांगत होतो. ते म्हणाले, “यायलेत तर यिऊ दे की. तुजं काय जातंय?”


१७ जाने., शुक्र.

बी.पी. पडलं. मशीन मध्येच थांबवलं. पायात गोळे आले, मी दाबत बसलो. मालिका नाही.

डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. हृदय दमलंय. मशीन आता जमेल तितके दिवस.

जमेल तितके म्हणजे? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला की कळतं.


२१ जाने., मंगळ.

आज वाट लागणार होती.

भा. २४ संपला, पुढचा लावला, तर हिंदी आवाज गायब. चिनी बोलणं आणि खाली इंग्रजी अक्षरं. शोधलं, सगळीकडे तेच. हिंदी चोविसावरच संपवलंय, पुढचं करायला कुणाला परवडलं नसावं.

आबांनी शांतपणे विचारलं, “मग? संपलं म्हनायचं का?”

 म्हटलं, “संपलं कसलं! मी वाचून सांगतो की.”

“तुला येतंय इंग्लिश?”

“बी.ए. आहे मी आबा.”

“ते ठावं हाय. इंग्लिश येतंय का?”

येतं तसं. थांबवून थांबवून वाचलं तर येतं.

एक मात्र झालं. हिंदीत तिघांना एकाच माणसाचा आवाज होता, आणि मोतीराम हसला की साबण विकायला आल्यासारखा वाटायचा. ती कटकट गेली. आणि सुलीचा खरा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. हिंदीत किणकिणता केला होता. खरा जाड आहे, जरा बसका, घशातून येणारा. आबांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले.

“तुझ्या आईचा असाच व्हता,” म्हणाले.

आईला जाऊन चार वर्षं होतील. तिच्या आवाजाचं आम्ही कधी काही बोललो नव्हतो.


२८ जाने., मंगळ.

भा. २५ पासून पुढचं म्हणजे पाणी घातलेली आमटी. पंथांच्या बैठका. कोण कुणाच्या उजवीकडे बसणार यावर एक अख्खा भाग. आणि जुन्या आठवणी! बोरीच्या झाडाखाली व्यंकू आणि सुली पहिल्यांदा भेटतात तो प्रसंग इतक्या वेळा दाखवलाय की झाडाच्या फांद्या पाठ झाल्या. घरी एकटा बघत असतो तर शिव्या घालून पळवत पुढे नेलं असतं.

आता मी एक क्षण पळवत नाही. प्रत्येक आठवण पूर्ण दाखवतो. प्रत्येक बैठकीत कोण काय म्हणालं ते सविस्तर सांगतो, मधे माझ्या पदरचं घालतो. चार तासांत जेमतेम दीड भाग. मालिकेचा सगळ्यात मोठा दोष, आणि मी देव पावल्यासारखा धरून बसलोय.

आबा हुशार. “लई लांबवायलास बे.”

“चिनी भाषाच तशी आहे आबा. दोन अक्षरांत खूप असतं.”

“आस्सं.”


३१ जाने., शुक्र.

चहा. पां.घा.त सगळे सारखा चहा ओततात. केवढुशा कपात, वरून, धार न मोडता. ओततात, कप दोन्ही हातांनी पुढे करतात, आणि मग कुणीतरी बातमी घेऊन धावत येतो आणि चहा तसाच राहतो.

आबांना दिवसाला अर्धा कप. पाणी मोजून. ओठ फुटलेत. ते गोष्ट बघत नव्हते आज, कप बघत होते.

“पीत न्हाईत तर ओतत्यात कशाला रे?”

तेवढा चहा मी पळवत पुढे नेला. पहिल्यांदाच.


४ फेब्रुवारी, मंगळ.

भा. ३१. आज काय झालं ते नीट लिहितो.

पांढऱ्या घाटाचं दार उघडं पडलंय, त्यातून धुकं खाली गावात उतरतंय, आणि ज्याला ते लागेल तो दगड होतोय. दार आतूनच लावता येतं. सुली जाते. इतका वेळ बासऱ्या, ढोल, उडणं, आणि इथे काहीच नाही. संगीत नाही. ती व्यंकूच्या बाहीची दुमड सरळ करते, जसं कुणी बाजाराला निघताना करतं. कापडाचा आवाज ऐकू येतो. मग ती दोन वाक्यं बोलते आणि चालायला लागते. वळून बघत नाही.

खाली अक्षरं आली. जाते मी. माझी वाट बघू नकोस.

शबाना सिस्टर मागे उभी होती, आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. “काय म्हनली?”

“येते म्हणाली,” मी म्हणालो.

ठरवून नाही म्हणालो. तोंडातून तेच आलं. पुढचं वाक्य मग सांगताच येईना. येते म्हटल्यावर वाट बघू नकोस कसं म्हणणार?

“येते म्हनली?” आबा उशीला टेकले. “मग येती.”

चांगल्या मालिकेत असा एक प्रसंग असला तरी पुरे. बाकीचे एकोणचाळीस भाग माफ.


५ फेब्रु., बुध.

दिवसभर कापणीच्या टेबलावर तेच डोक्यात. एक थर वाकडा कापला, मालक बोलला.

आमच्या घरात कुणी ‘जातो’ म्हणत नाही. लहानपणी एकदा शाळेला निघताना ‘जातो’ म्हणालो तर आईने हातातलं लाटणं तसंच धरून दारापर्यंत येऊन पुन्हा म्हणायला लावलं होतं. ‘येतो’ म्हण. पायरीवर बसून म्हण. मग जा.

आणि आम्हीच कशाला? अक्का तिच्या तेलुगूत ‘पोयिवस्ता’ म्हणते, जाऊन येते. अक्कलकोटकडचे लोक कन्नडमध्ये ‘बरतीनी’ म्हणून उठतात, येतो. शबाना सिस्टर दुसऱ्या पलंगाकडे जातानासुद्धा ‘जाके आतूं चचा’. या गावात चार भाषा, आणि चारींत कुणी जात नाही, सगळे येतातच. ती इंग्रजी अक्षरं लिहिणाऱ्याला हे काय माहीत. चिनीत ती खरंच काय म्हणाली कुणास ठाऊक.

स्वतःची समजूत घालतोय, दुसरं काही नाही.


७ फेब्रु., शुक्र.

आबा आज स्वतःहून तयार होऊन बसले होते. टोपी घालून. रिक्षावाल्याला म्हणाले, “चल लौकर, आमची बाई यायची हाय.”

भा. ३२. आली नाही. ३३ अर्धा. आली नाही. “यील. घाट हाय त्यो. चढायला येळ लागतोय.”

आणि मग, हात मशीनला लावलेला, नजर छताकडे, म्हणाले, “तुजी आई बी येते म्हनून गेलती.”

मला माहीत आहे. मीच होतो. दवाखान्याच्या गाडीत बसताना उंबऱ्याकडे बघून म्हणाली होती, येते.

“ती खोटं न्हवती बोलली,” आबा म्हणाले. “तिला यिऊ दिलं न्हाय.”

कुणी, ते बोलले नाहीत. 


९ फेब्रु., रवि.

नियम मोडला. दुपारी आबा झोपले तेव्हा मोरीत जाऊन उभ्याउभ्या शेवटापर्यंत बघितलं, मधलं पळवत.

ती येत नाही.

व्यंकू घाटाखाली झोपडी बांधतो. केस पांढरे होतात. रोज दोन कप मांडतो. शेवटच्या दृश्यात तो चहा ओततो, आणि या मालिकेत पहिल्यांदा कुणीतरी तो चहा पितो. स्वतःचा कप पितो, मग तिचाही पितो, कप धुऊन पालथे घालतो. संपलं.

इतके मेलेले परत आणले आणि एकीला आणलं नाही. आता कळलं की त्यांना मरण म्हणजे काय ते माहीत होतं, आपल्यालाच गाफील ठेवलं होतं. मालिका म्हणून दहात नऊ. एक मार्क दोराचा कापला.

आणि माझ्यासाठी ही जगातली सगळ्यात वाईट मालिका. थोडी भिकार असती तर तिचं काय बिघडलं असतं?


१४ फेब्रु., शुक्र.

भा. ३५, ३६. आबांना धाप. मशीनवर थंडी वाजते, अंग हुडहुडतं, दात वाजतात. तरी मधेच डोळे उघडून, “आली का?”

“अजून नाही.”

मनात आलं, आपणच आणावी. अक्षरं मीच वाचतोय. कुणीतरी बाई दिसली की म्हणायचं, ही सुली, वेष बदललाय. ह्या मालिकेत वेष बदलला की सख्खा भाऊ ओळखत नाही, तेव्हा खपेल.


१८ फेब्रु., मंगळ.

भा. ३७, ३८. आणि नेमकी आज धुक्यातून पांढऱ्या झग्यातली एक बाई पाठमोरी चालत गेली. आबा दोन दिवसांत पहिल्यांदा मान उचलून बघत होते. “आली बघ!”

 हो म्हणायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. सिस्टर पटकन म्हणाली, “हौ चचा, वोइच है.”

आबा बघत राहिले. थोड्या वेळाने मान पुन्हा उशीला टेकली. “न्हाय. ही न्हवं. हिची चाल येगळी हाय.”

अख्खं तरुणपण मेंढरं पाठमोरी ओळखण्यात गेलं त्यांचं. त्यांना मी काय फसवणार?

ती गुरूची मुलगी होती. बाहीसुद्धा सरळ कापलेली, साधी.


२१ फेब्रु., शुक्र.

भा. ३९ दाखवला नाही. नेट नाही म्हणालो. सिस्टरचा फोन तिच्या हातात चालू होता, त्यावर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. आबांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. नंतर चार तास पंख्याकडे बघत पडून राहिले.

आपल्यासाठी माणसाला असं पंख्याकडे बघायला लावायचं. शोभत नाही. पुढच्या वेळी दाखवणार.


२५ फेब्रु., मंगळ.

दाखवला. ३९ आणि ४०, दोन्ही. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. शेवटाला तसे शब्द नाहीतच.

व्यंकू दुसरा कप प्यायला तेव्हा आबा हसले. फुटके ओठ ताणले गेले. “घेतला बघ गड्यानं. घेतला शेवटी.”

मग, “संपलं?”

“दुसरा भाग येणार म्हणतात.” हे मी तिथल्या तिथे बनवलेलं.

“कवा?”

“पुढल्या वर्षी.”

“बरं बरं,” असं म्हणाले, लहान पोराला म्हणावं तसं.

मशीन काढलं. पट्टी बांधली. सिस्टर नेहमीसारखी म्हणाली, “चचा, शुक्रवार को जल्दी आना हौ.”

आबांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. “जातो बाई.”

तिला मराठी सगळं कळतं. इथेच जन्मलेली पोर. “ऐसा नक्को बोलो चचा. येतो बोलो ना. येतो बोलो.”

ते टोपी नीट करत दाराकडे निघाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ‘जातो’ ऐकलं.


२७ फेब्रु., गुरु.

भांडलो. ओरडलो. शेवटी पाया पडलो. ते म्हणाले, शब्द दिला व्हता, पाळला. तूबी पाळ.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जबरदस्ती करू नका. श्वासाला औषध लिहून देतो, त्रास कमी होईल.   फोन कुणी ठेवला आठवत नाही.


२८ फेब्रु., शुक्र.

रिक्षावाला सवयीने आला. हॉर्न दिला. मी गॅलरीतून हात हलवून नको म्हटलं. तो वर बघत थोडा थांबला, मग गेला.


२ मार्च, रवि.

मंद्रूपला आलो. तात्यांकडे, आबांचे धाकटे भाऊ. आबांचीच इच्छा. भवानी पेठेतलं घर सोडताना अक्का जिन्यात उभी होती, पदर तोंडाला. तिला मात्र म्हणाले, “येतो अक्का.” बिचारीला बरं वाटावं म्हणून. का खरंच, कळत नाही. मी आता त्यांच्या प्रत्येक शब्दाला उजेडात धरून बघतोय.

तात्यांच्या मागच्या अंगणात थोडी मेंढरं आहेत. आबांची बाज तिथेच टाकली. पायांवर सूज. तात्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, “शेरात ऱ्हाऊन येवढं बी जमलं न्हाय व्हय तुला?” काय जमायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही त्यांनी. बरोबरच आहे त्यांचं.


४ मार्च, मंगळ.

मशीनचा वार. सकाळपासून हात रिकामे.

आबांनी चहा मागितला. पुरा कप. काकूने माझ्याकडे बघितलं. मी दे म्हणालो. दोन्ही हातांनी धरून प्यायले, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग कप पालथा घातला, अगदी व्यंकूसारखा, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी हसलो, मग उठून मेंढरांकडे गेलो. तिथे रडायला काही हरकत नसते.

संध्याकाळी जवळ बोलावलं. धाप लागते, एकेक शब्द सुटा.

“म्हादू. ती काय म्हनली व्हती? सुली. खरं सांग.”

सांगितलं. “जाते म्हणाली. वाट बघू नको म्हणाली.”

“मग तू येते का म्हनलास?”

“आपल्यात तसंच म्हणतात आबा.”

त्यांनी तोंड मेंढरांकडे वळवलं. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, “बरं केलास. मला तेवढाच येळ बरा गेला, वाट बघन्यात.”


६ मार्च, गुरु. सोलापूर, घरी

मालकाचा सारखा फोन. युनिफॉर्मचा हंगाम तोंडावर, कापणी अडलीय. शिवाय श्वासाचं औषध संपत आलंय, ते मंद्रूपला मिळत नाही. एक दिवस जाऊन येणं भाग होतं. तात्या म्हणाले, जा, आमी हाय की.

सकाळी बाजेशी उभा राहिलो. आबांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं. श्वास मधेच थांबतो, मग पुन्हा लागतो. उठवावं का न उठवावं. शेवटी हळूच म्हणालो, “येतो आबा.”

डोळे उघडले नाहीत. पण ओठ हलले. “ये.”

एवढंच. आयुष्यभर हेच म्हणत आलेत, मी कोपऱ्यावर विडी आणायला निघालो तरी. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘ये’ ला उत्तर नसतं. त्याला फक्त येऊन दाखवायचं असतं.

दिवसभर कापलं. औषध घेतलं. आत्ता घरी येऊन बसलोय, अक्काने आमटी-भात आणून दिला, तो तसाच आहे. फोन बघितला. तात्यांचा फोन नाही. म्हणजे ठीक असावं. किंवा नसावं.

मग हे. मालिकेचे शौकीन जिथे लिहितात तिथे आज एक चित्र टाकलंय कुणीतरी. धुकं, घाटाचं दार थोडं उघडं, आणि एक पाठमोरी बाई हात उचलून उभी. खाली लिहिलंय की दुसरा भाग येतोय. खरं की कुणी घरी बसून बनवलंय, कळायला मार्ग नाही. मी बनवलेलं खोटं आणखी कुणाला तरी सुचलेलं असणार. खाली भांडणं चालू आहेत. अर्धे म्हणतात, तिला परत आणली तर सगळ्या मालिकेचं वाटोळं होईल, तो शेवट म्हणजेच मालिका होती.

बरोबर आहे त्यांचं. महिन्यापूर्वी मीही हेच तावातावाने लिहिलं असतं.

चित्र मोठं करून करून बघितलं. बाही उरेब कापलेली आहे. कापड तसंच पडलंय, सावकाश, आपल्या मनाने. चाल चित्रात दिसत नाही, चाल आबाच सांगू शकतील.

होऊ दे मालिकेचं वाटोळं. दहात शून्य देतो. दोर दिसू देत, मोतीराम तिसऱ्यांदा येऊ दे, बोरीचं झाड आणखी शंभर वेळा दाखवा. मला चालेल. तिला येऊ द्या.

फोन चार्जिंगला लावलाय. सकाळची पहिली एसटी. आबांना हे चित्र दाखवायचंय आणि विचारायचंय, हीच का बघा. येतो म्हणालोय.